साखरेचा गॅस

"बियरच्या कारखान्यात?" दिगंबरमामानं हातातली सोड्याची बाटली खाली ठेवली. "दाजी, मी बरोबर ऐकलं न्हवं?"

"बरोबर ऐकलं," अण्णा म्हणाले आणि सोड्याच्या मशीनची कडी लावली.

"म्हंजी दारूच की."

"तिथं काय प्यायला बोलवत न्हाईत तिला. तपासायला बोलवत्यात."

"तपासायला चाखावी लागतीच की ओ!"

 अण्णांनी मशीनचा दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली. मी दारात उभी होते. हातात औरंगाबादहून आलेलं नेमणुकीचं पत्र होतं. पुण्याला मायक्रोबायॉलॉजी शिकून मी बार्शीला परतले त्याला सहा महिने झाले होते, आणि त्या सहा महिन्यांत मला आलेलं हे एकमेव पत्र. एका बिअरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. साल चौऱ्याण्णव उजाडायला पंधरा दिवस होते.

मामाच्याही हातात एक कागद होता. त्याच्यावर एका मुलाची जन्मतारीख, वेळ आणि उंची लिहिलेली होती. पांगरीचं स्थळ. खताचं दुकान, स्वतःची विहीर, मुलगा सुपारीसुद्धा खात नाही. मामा कुर्डुवाडीला रेल्वेत कारकून होता आणि आपल्या बहिणीच्या घरचे सगळे निर्णय आपल्या सहीशिवाय पुढं जात नाहीत अशी त्याची समजूत होती. ती फारशी चुकीचीही नव्हती.

"पोरीनं दारूच्या कारखान्यात नोकरी केली म्हटल्यावर पांगरीचे लोक दारातनं परत जातील," मामा म्हणाला. "आक्का, तू तरी सांग."

आई आत भाकरी थापत होती. तिनं थापण्याचा आवाज जरा वाढवला. हे तिचं उत्तर.

"मामा," मी म्हटलं, "बिअर म्हणजे नुसतं सातूचं पाणी आंबवायचं. आपण इडलीचं पीठ आंबवतो ना, तसंच. आणि तिच्यातला गॅससुद्धा आपोआप होतो. मशीन लागत नाही."

दांडा थांबला.

"आपोआप?" अण्णांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला विद्यापीठात दुसरा नंबर होता आणि मी तेवीस वर्षांची होते. "हो. बाटली बंद करायच्या आधी थोडी साखर घालायची. आतलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस सोडतं. आठ दिवसांत बाटली तयार."

अण्णांनी मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हंजी मी पस्तीस वर्षं हे चाक कशाला फिरवायलोय?"

मामा खो खो हसला. "साखरंनं गॅस झाला असता, तर आमच्या हापिसातला चहा कपाबाहेर उडाला असता!"

आमच्या 'भवानी सोडा वॉटर फॅक्टरी'बद्दल सांगायला हवं. फॅक्टरी म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. वर पत्रा, कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर, मधोमध हातानं फिरवायचं लोखंडी मशीन आणि भिंतीला लागून गोटीसोड्याचे लाकडी क्रेट. ती बाटली आता दिसत नाही म्हणून सांगते. जाड हिरवट काच, गळ्यात अडकवलेली काचेची गोटी आणि तोंडाशी आतून रबराची रिंग. बूच नाही, झाकण नाही. आतला गॅसच गोटीला वर रेटतो आणि रिंगेत गच्च बसवतो. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की बाटली ओरडते. त्या ओरडण्यावर सोडेवाल्याची इज्जत असते. अण्णांच्या बाटलीची ओरड चौकातल्या रिक्षावाल्यांना ऐकू जायची आणि हे अण्णांना माहीत होतं.

त्या माणसाला मी सांगत होते की गॅस आपोआप होतो.

"करून दाखव," अण्णा म्हणाले.

"काय?"

"हितं. ह्याच खोलीत, माझ्याच बाटल्यांत. सिलिंडरला हात लावायचा न्हाई. बाटली ओरडली तर खुशाल जा औरंगाबादला. न्हाई ओरडली, तर दिगंबर म्हणतोय ते पांगरीचं पावणं बघायला यील आणि तू पोहे घिऊन बाहीर यायचं. कबूल?"

"कबूल," माझ्याआधी मामाच म्हणाला. "आणि बाटली उघडायला मी येणार. रजा टाकून येणार."

मी कबूल म्हटलं, आणि आता मागं फिरणं नव्हतं. कारण अण्णांचा शब्द. सोळा वर्षांपूर्वी समोरच्या न्हाव्याशी मिशीवरून काही बोलाचाली झाली आणि अण्णा म्हणाले, "बार्शीत केस कापणार न्हाई." त्यांना म्हणायचं होतं की तुझ्याकडे कापणार नाही. रागात तोंडातून बार्शी निघालं. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडीला जाऊन केस कापून येत. न्हावी बिचारा केव्हाच विसरला होता. तो रोज आमच्याकडून सोडा न्यायचा आणि "काय अण्णा, लई वाढल्यात" म्हणायचा. अण्णा मान डोलवायचे आणि रविवारी गाडी पकडायचे.

*

सातू मी मारवाड्याच्या दुकानातून आणले. भिजवून मोड आणले, गच्चीवर वाळवले, कढईत परतले आणि गिरणीत जाडसर भरडून आणले. गिरणीवाल्याला सांगितलं की उपासाचं आहे. इंटरव्ह्यूच्या दिवशी कारखान्यातल्या केमिस्ट बाईंनी मूठभर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, सुकी फुलं कागदात बांधून दिली होती. ती घालून सगळं उकळलं तेव्हा घरात जो कडवट वास सुटला, त्यानं शेजारच्या काकू काढा मागायला आल्या. यीस्ट बेकरीतून आणलं. स्टीलच्या पिंपात दहा दिवस ते पाणी बुडबुडलं. आई येता-जाता झाकणाला कान लावायची आणि "बोलतंय गं अजून" म्हणून सांगायची.

मग बुडबुडे थांबले. आता खरी परीक्षा होती ती साखरेची. कमी पडली तर बाटली मुकी, जास्त झाली तर बाटलीचा बाँब. पिंपात सव्वासात लिटर भरलं. मी हिशेब केला, पंचेचाळीस ग्रॅम. आमच्या घरात सगळ्यात छोटं वजन पाव किलोचं होतं. म्हणून साखरेची पुडी घेऊन मी सराफकट्ट्यावर गेले.

"ह्याचं काय करायचंय?" सराफानं पुडी उघडून विचारलं. "मोडायचं का गहाण ठेवायचं?"

"वजन करायचं. पंचेचाळीस ग्रॅम. बरोब्बर."

त्यानं काटा पुसला, गुंजेचं माप लावलं आणि चिमट्यानं साखरेचे शेवटचे दाणे एकेक करून टाकले. कामात मात्र माणूस चोख. पैसे घेतले नाहीत, पण तिथं बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "सोडेवाल्याची पोरगी. पुण्याला शिकून आलीय." त्या गिऱ्हाइकानं च् च् केलं.

साखर भांडंभर पाण्यात उकळली, निवू दिली, पिंपात हलक्या हातानं मिसळली. बाटल्या अण्णांनी निवडून दिल्या. मला वाटलं होतं ते मुद्दाम जुन्यापान्या देतील. पण त्यांनी एकेक बाटली उजेडाकडे धरली, नखानं वाजवली, काचेत बारीक रेघ दिसली तरी बाजूला काढली. चोवीस बाटल्या निवडायला त्यांना तासभर लागला.

"एवढ्या कशाला बघताय?" मी विचारलं.

"माझी बाटली हाय," ते म्हणाले. "पैज तुझी आसंल."

सलाइनची नळी औषधाच्या दुकानातून आणली होती. पिंपातून त्या नळीनं मी बाटल्या भरत गेले. भरलेली बाटली अण्णा उलटी करून क्रेटमध्ये ठेवत होते, म्हणजे गोटी आपल्याच वजनानं रिंगेवर बसते. गॅस नसताना बाटली बंद ठेवायची ती एकच रीत. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी जवळजवळ काही न बोलता काम केलं आणि मला ते फार आवडलं. शेवटची बाटली ठेवून अण्णा म्हणाले, "आठ दिवस?"

"आठ दिवस. पुढच्या रविवारी."

"मग दिगंबरला कळवतो."

*

जानेवारीतली बार्शी. उन्हाळ्यात इथं माणसं वाळतात, पण थंडीही काही कमी नसते, आणि आमची फॅक्टरी म्हणजे कायम ओली फरशी. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "एक बघू या."

"आठ दिवस म्हटलं होतं."

"बघायला काय जातंय?"

त्यांनी एक बाटली उचलली आणि सरळ केली. अंगठा लावायची वेळच आली नाही. गोटी आपली आपण टुक् करून खाली पडली. आवाज नाही, फेस नाही. बाटली रिकामी असती तरी याहून जास्त बोलली असती.

अण्णा मयताला आल्यासारखे उभे राहिले.

"थंडी आहे अण्णा," मी म्हटलं. "थंडीत यीस्ट झोपतं. त्याला ऊब लागते."

"झोपतंय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दया होती. मला ती मुळीच सहन झाली नाही.

मी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या आणि क्रेट गुंडाळून ठेवले. गरम पाण्याच्या दोन किटल्या मधे ठेवल्या. आई बघून म्हणाली, "बाळंतिणीचं एवढं कुणी करत न्हाई." रात्री आम्ही तिघं चादरींवर झोपलो. कुणी तक्रार केली नाही, पण अण्णा रात्रभर खोकत होते आणि तो प्रत्येक खोकला मला ऐकवण्यासाठी आहे असं मला वाटत होतं.

खरं सांगते, मी घाबरले होते. पुस्तकात सगळं बरोबर होतं, हिशेब बरोबर होता, पण बाटली मुकी होती. गुरुवारी दुपारी अण्णा बाजारात गेले असताना मी सिलिंडरपाशी जाऊन उभी राहिले. नवंकोरं सिलिंडर, सोमवारीच मी उतरवून घेतलं होतं. चावी फिरवायची, चार वेळा दांडा फिरवायचा, बाटली ओरडणार. मला औरंगाबाद दिसत होतं, पांढरा कोट दिसत होता. आणि पांगरीच्या पाहुण्यांपुढं धरलेलं पोह्यांचं ताट पण दिसत होतं. मी चावीवर हात ठेवला. मग काढला. अण्णांनी हात लावायचा नाही म्हटलं होतं आणि मी कबूल म्हटलं होतं. शेवटी मी त्यांचीच मुलगी.

शुक्रवारी मला सोलापूरला जायचं होतं. कामावर हजर होताना सरकारी डॉक्टरचा दाखला लागणार होता. पैज हरले तर दाखल्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, पण मी गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आई खांद्याला निलगिरीचं तेल चोळत बसली होती.

"काय झालं?"

"काय न्हाई. गाद्या उनात टाकल्या."

अण्णांनी विचारलं, "डाक्टर काय म्हणला?"

"फिट आहे म्हणाला."

"बरं झालं," अण्णा म्हणाले आणि जेवायला बसले. त्या रात्री ते खोकले नाहीत.

*

रविवारी दिगंबरमामा पांढऱ्या सफारीत आला. इस्त्री अशी की बसताना तो कापडाची परवानगी घेऊन बसला. खिशात पांगरीचा कागद होता. त्यानं तो काढून मशीनवर ठेवला, म्हणजे निकाल लागला की वेळ जायला नको.

"आण तुझं गंगाजळ," तो म्हणाला.

मी गोधड्या काढल्या. क्रेटमधली एक बाटली उचलली आणि श्वास रोखून सरळ केली. गोटी पडली नाही. मला एवढा आनंद झाला की मी आईकडे बघून हसले. आई पत्र्याकडे बघत होती.

"गोटी बसलीय!" मी म्हटलं. "बघा अण्णा, आपोआप बसलीय!"

"बसलीय खरी," अण्णा म्हणाले. ते मशीनच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते. तेव्हा मला ते विचित्र वाटलं नाही.

मी अंगठा लावला. गोटी हलली नाही. दोन्ही अंगठे लावले. नाही. अण्णांनी पुढं येऊन आपला पस्तीस वर्षांचा अंगठा लावला. नख पांढरं पडलं, गोटी जागची हलली नाही. लाकडी दट्ट्या ठेवून त्यांनी मुठीनं मारलं. काही नाही.

"दाजी, वय झालं तुमचं," मामा म्हणाला. "द्या हिकडं."

"दिगंबर, जरा सांभाळून..."

"आवं, द्या की!"

मामानं बाटली दोन पायांत धरली. दट्ट्या तोंडावर ठेवला. हात वर केला आणि बंबाची फाटी फोडावी तसा हाणला.

मी आयुष्यात पुष्कळ बाटल्या उघडताना पाहिल्या. पुढं तर तेच माझं काम होतं. पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. बाटली ओरडली नाही, तिनं बंदुकीचा बार काढला. दट्ट्या पत्र्यावर जाऊन आदळला. त्याच्यामागं पांढऱ्या फेसाचा खांब गेला, पत्र्याला लागला आणि छत्रीसारखा पसरून मामावर आला. मामा हलला नाही. हलायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. आणि त्या हादऱ्यानं असेल किंवा उबेतून एकदम उघड्यावर आल्यानं असेल, क्रेटमधली दुसरी बाटली फुटली. मग तिच्या शेजारची.

"खाली!" अण्णा ओरडले. सोडेवाल्याच्या घरात या शब्दाला कुणी का म्हणून विचारत नाही. आई परातीमागं गेली, मी मशीनमागं, अण्णांनी गोधडी क्रेटवर टाकली आणि स्वतः तिच्यावर पडले. मामा लोखंडी टेबलाखाली शिरला. फट्, फट्. मग जरा वेळ शांतता आणि पुन्हा एक फट्, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

बाहेर चौकातले रिक्षावाले जमले होते. समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात आला. "काय झालं ओ अण्णा?"

"काय न्हाई," अण्णा गोधडीवरून म्हणाले. "गॅस झाला."

मामा टेबलाखालून बाहेर आला. सफारी पिवळी, केस चपटे, मिशीला फेस. तो आता काय बोलतो म्हणून आम्ही तिघं बघत राहिलो. मामानं जिभेनं मिशी चाटली. थांबला. पुन्हा चाटली.

"कडू हाय," तो म्हणाला. "पण वाईट न्हाई."

न फुटलेल्या बाटल्या अण्णांनी अंगाला पोतं गुंडाळून, जाळीआडून एकेक उघडल्या. अर्धी बिअर भिंतीनं प्यायली. उरलेल्यातल्या दोन वाट्या मामानं तपासल्या, मग आणखी एक, खात्री करायला. जेवणं झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "दाजी, पोरगीनं गॅस करून दावला बरं का. साखरंनं. मी हितं बघितलं. माझ्या अंगावर बघितलं." पांगरीचा कागद मशीनवरच भिजून लगदा झाला होता. उंचीही वाचता येत नव्हती.

"मग जाऊ द्यायचं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही शब्द दिलाय," मामा म्हणाला. "आता माझं काय चालतंय?"

मी आत जाऊन रडले. आनंदानं रडले. पुसून पुन्हा बाहेर आले आणि फरशी धुतली.

*

सोमवारी सकाळी कुणाच्या तरी मुंजीसाठी एक क्रेट सोड्याची मागणी आली. अण्णा बाहेर गेले होते, म्हणून मीच भरायला घेतला. बाटल्या लावल्या, चावी फिरवली. गॅसच्या दाबाचा काटा हलला नाही. सिलिंडर रिकामं होतं.

मी चावी पुन्हा फिरवली. मागच्या सोमवारी आलेलं सिलिंडर. थंडीत सोडा कोण पितो? आठवड्यात एकच क्रेट गेला होता. एक सिलिंडर आम्हाला जानेवारीत महिना पुरायचं.

मी स्टुलावर बसले आणि डोक्यात हिशेब केला. पंचेचाळीस ग्रॅम साखर. तेवढ्या साखरेत बाटली छान ओरडली असती, फार तर फेस हातावर आला असता. दट्ट्या पत्र्याला लागला नसता. रविवारी आनंदात मला हा हिशेब सुचला नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, शुक्रवारी खांदा कशानं दुखला?"

"गाद्या..."

"आई."

आईनं पोळपाट बाजूला सारला. "मला काय विचारतीस? मी नुसता दांडा फिरवला. बाटल्या त्यांनी लावल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. हळूहळू, दोनदोन. निम्मा गॅस तर बाहीरच सुटला. म्हणले, हेमीला सांगू नको."

मी इतकी संतापले की कान गरम झाले. म्हणजे मी जिंकलेच नव्हते. आणि का केलं हे मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. अण्णांच्या बाटलीतून आवाज आला नाही असं मामानं कुर्डुवाडीपर्यंत सांगितलं असतं. बाटलीची इज्जत! माझ्या शिक्षणापेक्षा, माझ्या हिशेबापेक्षा बाटलीची इज्जत मोठी. आठ दिवस थांबायचा धीर नाही, माझ्यावर विश्वास नाही, भरा गॅस.

आणि मी बोलूही शकत नव्हते. बोलले तर पैज मोडली. सिलिंडरला हात लागला होता, कुणाचाही असो. मामा पुन्हा नवा कागद घेऊन आला असता. आठ दिवस मी घरात तोंड शिवल्यासारखी वावरले. अण्णांनी ट्रंकेला नवं कुलूप आणलं, मी घेतलं. अण्णांनी शेंगदाण्याची चटणी बांधून घे म्हटलं, मी बांधून घेतली. त्यांनी दोनदा विचारलं, "काय झालंय?" मी दोनदा काही नाही म्हटलं. आईनं मला भिंतीआडून खुणा केल्या, त्यांचा अर्थ बोल असा होता की बोलू नको असा, हे मला आजही सांगता येणार नाही.

*

एकतीस तारखेला सकाळी सातच्या एसटीनं मी निघाले. अण्णा ट्रंक घेऊन स्टँडवर आले. गाडीला गर्दी नव्हती. मला खिडकी मिळाली. अण्णांनी ट्रंक सीटखाली सरकवली, खाली उतरले आणि खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. थंडी होती. त्यांनी कानाला मफलर गुंडाळला होता.

"पोचल्यावर कार्ड टाक."

"टाकते."

"तिथं चाखायला लागलं तर थोडंच चाख."

"हो."

ड्रायव्हर चढला. कंडक्टर खाली चहा पीत होता. मला वाटलं, हे बोलल्याशिवाय मी गेले तर आयुष्यभर त्या लॅबमध्ये चोरासारखी उभी राहीन. मी आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"अण्णा, मी पैज जिंकलेली नाही. सिलिंडर रिकामं आहे. तुम्ही गॅस भरलात."

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. "कुणी सांगितलं? तुझ्या आईनं?"

"काट्यानं. का भरलात? बाटलीच्या आवाजासाठी? मामा हसेल म्हणून?"

"दिगंबर हसला तर मला काय फरक पडतोय? तो दर महिन्याला माझ्या केसांवर हसतोय."

"मग?"

अण्णांनी मफलर खाली ओढला. "तिसऱ्या दिवशी बाटली बघितली. गप्प. तू म्हणलीस, झोपलंय. तुझं तोंड बघितलं. रात्रभर झोप न्हाई आली मला. पोहे घिऊन यायचं, असं मीच बोलून बसलो हुतो. दिगंबरसमोर. आता तू हरलीस आन् मी म्हणलं, जा तरीपण, तर माझ्या बोलण्याला काय अर्थ? आन् जाऊ नको म्हणलं, तर..." ते थांबले. नाक पुसलं. "बोललेलं मला मोडता येत न्हाई, हेमे. तुला म्हाईत हाय. मग तुला हरू कसं द्यायचं?"

 आठ दिवस मी या माणसाशी बोलले नव्हते. मी गजांवरच्या त्यांच्या बोटांवर हात ठेवला. त्यांचा अंगठा अजून काळानिळा होता.

कंडक्टरनं चहाचा ग्लास ठेवला आणि गाडीकडे यायला लागला. तेव्हा मला आठवलं की मुख्य गोष्ट राहिलीच आहे.

"पण अण्णा, साखरेनं गॅस झालाच होता!" मी खिडकीतून बाहेर वाकून म्हटलं. "गोधड्यांत ऊब मिळाल्यावर यीस्ट उठलं होतं. तुमचा गॅस वरून पडला, म्हणून तर बाटल्या फुटल्या. नुसत्या तुमच्या गॅसनं तुमची बाटली फुटली असती का? निवडून घेतलेली?"

अण्णा विचारात पडले. हा मुद्दा त्यांना पटण्यासारखा होता. त्यांनी निवडलेली बाटली त्यांच्या गॅसनं फुटत नसे.

"म्हंजी खरंच हुतो? साखरंनं?"

"होतो, अण्णा."

कंडक्टरनं दार ओढलं आणि घंटी दिली. गाडी हलली. अण्णा खिडकीबरोबर चार पावलं चालले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा राग होता.

"मग आधी सांगायचं न्हाई का, येडे!" ते ओरडले. "एक अख्खं सिलिंडर वाया गेलं की!"